शेवटच्या धुवणाची बशी

आधी पान नळाखाली धरायचं.
मग सत्तर टक्के अल्कोहोलात एक मिनिट,
ब्लीचच्या पाण्यात तीन, पुन्हा अल्कोहोल,
मग निर्जंतुक पाणी, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.
खाडीचं मीठ गेलं, रेतीच्या बार्जचं तेल गेलं,
बगळ्याची शीट, भोईरकाकांच्या अंगठ्याचा ठसा,
माझाही.
पानावर जे जे होतं ते मेलं.
आता उगवेल ते आतलं.

पण खरंखोटं ठरवतं ते शेवटचं पाणी.
तेही एका बशीत ओतून ठेवायचं
आणि तिच्यात आठवडाभर
काही म्हणजे काही उगवता कामा नये.
उगवलं, तर सगळंच खोटं.
घागबाई काचसामान विसळता विसळता म्हणतात,
"एवढं सोवळं आमच्या सासूनंही पाळलं नाही."

तू उगवलीस नवव्या दिवशी
तिवराच्या पानाच्या कापल्या कडेतून,
राखाडी, उंदराच्या पिल्लाच्या लवेसारखी.
नाव नव्हतं. अजूनही नाही.
बशीवर लिहिलं भां-१७:
भांडुपचं पंपिंग स्टेशन, सतरावं पान.

झाडाला ठाऊक तरी होतं का, तू आत राहतेस ते?
पेशी आणि पेशी यांच्या मधल्या बोळात,
भाडं न देता?
की देऊन? किडा पानाला तोंड लावायचा
आणि तसंच सोडून जायचा,
ते तुझं भाडं असेल.

शीवच्या इस्पितळातून जंतू आणला, तीन औषधांना न जुमानणारा.
कुणाच्या जखमेतला ते सांगत नाहीत,
चिठ्ठीवर नुसता वॉर्ड, आणि वय: त्रेचाळीस.
तो बशीभर सायीसारखा पसरला
आणि तुझ्यापाशी येऊन
थांबला.
एकोणीस मिलिमीटरचं स्वच्छ कडं.
मी पट्टी दोनदा ठेवून पाहिली. मग घागबाईंना ठेवायला लावली.

त्यानंतर तुझे लाड. बशीतून बशीत, बशीतून फ्लास्कमध्ये,
बटाट्याचा रस, साखर, अठ्ठावीस अंश, अंधार.
तू गुटगुटीत झालीस.
चौथ्या खेपेला कडं चौदा. सहाव्या खेपेला सात.
नवव्या खेपेला जंतू
तुझ्या अंगाला टेकून झोपला होता.

सर म्हणाले, होतं असं. झाडापासून तोडली की विसरतात.
एवढंच म्हणाले, आणि अनुदानाच्या फाइलीत डोकं घातलं.

भांडुपला गेले. भरती बघून भोईरकाकांनी होडी काढली.
दर वेळी वल्हं हातात घेतलं की विचारायचे,
"झालं का ओ औषध?"
काकूंचा पाय तेव्हा अंगठ्यापुरताच काळा होता.
या वेळी त्यांनी विचारलं नाही.
मीही नाही.
चिखलात एक निवटी उडी मारून दुसऱ्या चिखलात गेली.

झाड होतं तिथेच. मला उगाच भीती वाटत होती.
पान चाटून पाहिलं. खारट.
मूठभर पानं आणली, खलात ठेचली, बारीक गाळणीतून गाळली
आणि तुझ्या बटाट्याच्या रसात दोन चमचे घातली.
उरलेल्या पानांना पुन्हा तीच आंघोळ,
पुन्हा शेवटच्या पाण्याची वेगळी बशी.
घागबाई डोकावल्या, वास घेतला,
"माहेरचं पाणी पाजलंत होय तिला?"

सहा मिलिमीटर.

हे औषध नव्हे. सहा मिलिमीटरनं कुणाचा पाय वाचत नाही.
आणि एका बशीवरून काही म्हणताही येत नाही,
तीन तरी हव्यात.
वहीत लिहिलं: सहा. तारीख. सही.
मग ती धुवणाची बशी ट्यूबलाइटखाली धरून
फिरवून फिरवून पाहिली.
कोरी.
तिच्यातून पलीकडची भिंत दिसते आहे,
भिंतीवर भोईरकाकांनी दिलेलं
भरती-ओहोटीचं कॅलेंडर.
उद्याची भरती दहा चाळीसला.